‘निवडणे’ कुठून आले? एका क्रियापदाचे मूळ शोधण्याची रीत

“तांदूळ निवडून ठेव” आणि “तांदळातले खडे निवडून टाक” ही दोन्ही वाक्ये मराठी घरात रोजची आहेत. पहिल्या वाक्यात जे निवडायचे ते ठेवायचे आहे, दुसऱ्यात जे निवडायचे ते फेकायचे आहे. क्रियापद मात्र एकच. ‘निवडणे म्हणजे पसंत करणे’ एवढाच अर्थ धरला तर दुसरे वाक्य उभे राहत नाही, कारण खडे कोणी पसंत करत नाही. या क्रियापदाच्या पोटात पसंतीपेक्षा जुने काहीतरी आहे. त्याचे मूळ शोधताना ही दोन वाक्ये कसोटी म्हणून शेवटपर्यंत हाताशी ठेवावीत. जी व्युत्पत्ती दोन्ही वाक्यांना लागू पडत नाही ती कितीही विद्वत्तेची वाटली तरी बाजूला सारावी.

पुढची रीत शिक्षकांना, मुद्रितशोधकांना, मराठी घेऊन एम.ए. करणाऱ्यांना आणि शब्दांची ओढ असलेल्या कोणालाही वापरता येईल. उदाहरण ‘निवडणे’चे घेतले आहे, पण याच पायऱ्यांनी ‘वेचणे’, ‘पारखणे’, ‘ठरवणे’ यांचाही माग काढता येतो. एका शब्दासाठी दोन बैठका धराव्यात: एक ऐकण्याची आणि नोंदींची, दुसरी कोशांची. सामान थोडेच लागते. पाच बाय तीन इंचांची वीस-पंचवीस कोरी कार्डे, पेन्सिल आणि इंटरनेट. छापील कोश हवे असतील तर ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने 1893 साली सुरू झालेली ही संस्था जुन्या मराठीच्या अभ्यासकाला माहीत असायलाच हवी. मोठे कोश सहसा घरी नेता येत नाहीत, म्हणून बसून वाचण्याची वेळ आधी विचारून जावे.

कोश उघडण्याआधी कान उघडा

बहुतेक जण सुरुवातच कोशापासून करतात आणि तिथेच चुकतात. कोशातला पहिला अर्थ डोक्यात बसला की पुढे तोच ऐकू येतो. आधी आजचा वापर गोळा करावा. जांभळी नाक्याच्या बाजारात, वाशीच्या धान्य बाजारात, सोसायटीच्या वार्षिक सभेत, महापालिकेच्या सूचनाफलकावर हा शब्द कुठल्या वाक्यात येतो ते जसेच्या तसे उतरवावे. एका कार्डावर एकच वाक्य, खाली जागा आणि तारीख. पंधरा वाक्ये झाली की पुरे.

मग कार्डांचे गट करावेत, पण अर्थावरून नाही, कर्मावरून. काय निवडले जाते? तांदूळ, गहू, मेथी, कोथिंबीर, साडी, शाखा, पर्याय, नगरसेवक, खडे, किडकी डाळ. प्रत्येक कर्मापुढे दोनच प्रश्न लिहावेत: हे आधी कशात मिसळलेले होते? आणि निवडल्यावर उरलेल्याचे काय झाले? मेथी निवडताना पाने आणि कोवळे शेंडे एका बाजूला जातात, जून काड्या आणि मुळे दुसऱ्या बाजूला. काम संपते तेव्हा एका जुडीचे दोन ढीग झालेले असतात. खडे निवडतानाही दोन वाटे होतात, फक्त बोटांत येतो तो टाकायचा वाटा. नगरसेवक निवडतानाही यादीतल्या नावांतून एक नाव वेगळे निघते. तिन्ही ठिकाणी समान आहे ते वेगळे होणे. आवडीचा संबंध एखाद्याच ठिकाणी येतो.

यानंतर शेजारची क्रियापदे त्याच जागी बसवून पाहावीत. अर्थाची कड सर्वांत स्वच्छ इथे दिसते, म्हणून ही पायरी घाईने उरकू नये.

‘वेचणे’ घ्या. “खडे वेचले” चालते, “खडे निवडले”ही चालते, म्हणून दोन्ही एकच वाटतात. आता ‘तांदूळ’ घाला. “तांदूळ निवडले” म्हणजे ताटातला सगळा तांदूळ साफ केला. “तांदूळ वेचले” म्हणजे जमिनीवर सांडलेले दाणे एकेक करून उचलले. ‘वेचणे’चे कर्म नेहमी हातात येणारी वस्तू असते, मग ती प्राजक्ताची फुले असोत की कापूस. ‘निवडणे’चे कर्म तीनपैकी काहीही असू शकते: हातात येणारी वस्तू, मागे उरणारी वस्तू किंवा आख्खा ढीग. ही मोकळीक ‘वेचणे’ला नाही. ‘पाखडणे’ला सूप लागते आणि वजनाचा फरक लागतो. ‘चाळणे’ला चाळण लागते आणि आकाराचा फरक लागतो. ‘निवडणे’ला डोळा आणि बोटे लागतात. म्हणूनच स्वयंपाकघरात क्रम ठरलेला असतो: आधी पाखडायचे, मग चाळायचे, आणि सुपाला वा चाळणीला जे जमले नाही ते शेवटी परातीत पसरून निवडायचे. ‘पारखणे’ तर वेगळ्याच घराण्यातले, संस्कृत ‘परीक्ष्’वरून आलेले. त्यात तपासणी आहे, पण ढिगाचे दोन वाटे होत नाहीत. सोने पारखून परत पेटीत ठेवता येते.

नवी मुंबईच्या मूळ गावांत, म्हणजे घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, करावे अशा ठिकाणी आगरी बोलणाऱ्यांकडून नोंद घेत असाल तर उच्चार प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहू नका. आगरीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो, आणि शब्दामधला ‘ड’ ‘र’कडे जातो: गाडी ‘गारी’, घोडा ‘घोरा’. तेच वळण या शब्दाला लागले असेल तर ‘निवर-’ असे ऐकू येईल. जे ऐकू येते तेच लिहावे. बोलीतले रूप म्हणजे प्रमाण शब्दाचा बिघाड नव्हे, तो स्वतंत्र पुरावा असतो.

शब्दाचे गणगोत

दुसऱ्या पायरीवर एका कार्डावर कुटुंब मांडायचे. निवड, निवडक, निवडानिवड, निवडणूक, निवडून येणे, निवडून देणे. ‘निवडणूक’मधला ‘-णूक’ हा क्रियेचे नाम करणारा नेहमीचा प्रत्यय आहे: वागणूक, नेमणूक, मिरवणूक, फसवणूक. मतपेटीचा अर्थ या प्रत्ययात कुठेही नाही. तो लोकनियुक्त संस्थांच्या व्यवहारातून शब्दाला चिकटला.

या कुटुंबातला सर्वांत मोलाचा शब्द वरच्या यादीत नाही, आणि तो अनेकांच्या नजरेतून सुटतो. तो म्हणजे ‘निवाडा’. मराठीत अकर्मक क्रियापदातला ‘अ’ लांबवून सकर्मक रूप करण्याची जुनी रीत आहे: पडणे–पाडणे, मरणे–मारणे, तरणे–तारणे, सरणे–सारणे. त्याच साच्यात निवडणे–निवाडणे ठेवून पाहा. साचा बरोबर बसतो, आणि साचा बसला की एक महत्त्वाचे अनुमान हाती येते: ‘निवडणे’ मुळात अकर्मक असावे. आपोआप वेगळे होणे, उघड होणे हा त्याचा अर्थ असावा. ‘निवाडणे’ म्हणजे तसे करवणे, गुंता सोडवून खरे-खोटे वेगळे काढणे. त्याचे नाम निवाडा. मराठेशाहीतली निवाडपत्रे म्हणजे वादांच्या निकालांची कागदपत्रे, त्यातला शब्द हाच.

नवी मुंबईत हा शब्द ग्रंथांपुरता उरलेला नाही. 1970 मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाल्यावर ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी त्यासाठी घेतल्या गेल्या. भूसंपादन अधिनियम 1894 च्या कलम 11 खाली भरपाई ठरवणारा जो आदेश निघत असे त्याला मराठी कागदपत्रांत ‘निवाडा’ म्हणत. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत देणाऱ्या योजनेतल्या भूखंडासाठी धडपडलेल्या घरांत हा शब्द तोंडपाठ आहे. कोणाची किती जमीन, कोणाचा किती हिस्सा हे तिथे वेगळे करून मांडलेले असते. शब्दाचा जुना अर्थ इतका जिवंत असलेली जागा शोधून सापडायची नाही.

दिसायला जवळचे, पण नात्यात नसलेले शब्द याच पायरीवर बाजूला काढावेत. ‘निवडुंग’ वनस्पतीचे नाव आहे आणि त्यात वेगळे करण्याचा अर्थच नाही. आद्याक्षरे जुळली म्हणजे नाते लागत नाही. ‘आवडनिवड’ या जोडशब्दामुळे ‘निवड’ म्हणजे ‘आवड’चाच एखादा प्रकार असे वाटते. ते फक्त यमक आहे. ‘नावड’ खरोखर ‘न’ आणि ‘आवड’ मिळून झाली आहे, ‘निवड’ तशी झालेली नाही. ‘निवळणे’बद्दल पुढे लिहिले आहे, कारण तो फसवा शब्द आहे आणि त्याला ध्वनिनियमानेच दूर करावे लागते.

कोश वाचण्याची शिस्त

आता कोश. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (1932 ते 1938, सात खंड), कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश (1946), तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, आणि राल्फ टर्नर यांचा भारतीय आर्य भाषांचा तुलनात्मक कोश (1966). यांतले मोल्सवर्थ, दाते-कर्वे, तुळपुळे-फेल्डहाउस आणि टर्नर हे शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात.

शोधताना हमखास अडकण्याची जागा म्हणजे अनुस्वार. 1962 च्या लेखननियमांनी न उच्चारलेले अनुस्वार काढून टाकले, पण जुन्या कोशांत शब्द ‘निवडणें’ असा आहे. ‘निवडणे’ टाकून काही सापडले नाही तर शब्द कोशात नाही असे समजू नका. अनुस्वार देऊन पाहा, किंवा नुसते ‘निवड’ टाकून खाली सरकत जा. टर्नरमध्ये अडचण निराळी आहे. तिथे नोंदी संस्कृत रूपांखाली लावल्या आहेत आणि मराठी शब्द रोमन लिपीत, ‘ड’खाली टिंब देऊन छापला आहे. त्यामुळे आधी 1969 मध्ये निघालेल्या सूचीच्या खंडात मराठी शब्द शोधायचा, तिथला नोंदक्रमांक घ्यायचा आणि मग मूळ कोशात जायचे.

मोल्सवर्थ वाचताना शब्दापुढची रोमन आद्याक्षरे वगळू नका. ‘व्ही सी’ म्हणजे सकर्मक, ‘व्ही आय’ म्हणजे अकर्मक. आपल्याला अकर्मक वापराचा माग काढायचा आहे, म्हणून ही दोन अक्षरे अर्थाइतकीच महत्त्वाची. आणि प्रत्येक कार्डावर कोशाचे नाव, आवृत्तीचे वर्ष, पान लिहावे. ‘कोशात म्हटले आहे’ या शब्दांना पुरावा म्हणून काहीच किंमत नाही.

सातशे वर्षांपूर्वीची साक्ष

कोशातला अर्थ हा कोशकाराचा निष्कर्ष असतो. त्यामागचे वाक्य स्वतः पाहावे. ‘निवडणे’साठी शके 1212, म्हणजे 1290 च्या ज्ञानेश्वरीसारखी साक्ष नाही. दुसऱ्या अध्यायात नित्य आणि अनित्य यांतला फरक सांगताना या ओव्या येतात:

सलिलीं पय जैसें । एक होऊनि मीनलें असे ।
परी निवडूनि राजहंसें । वेगळें कीजे ॥

कीं अग्निमुखें किडाळ । तोडोनियां चोखाळ ।
निवडिती केवळ । बुद्धिमंत ॥

पहिल्या ओवीत पाण्यात मिसळून गेलेले दूध आहे. ‘मीनलें’ म्हणजे एकजीव झालेले. ‘निवडूनि’ आणि ‘वेगळें कीजे’ हे शब्द एकाच ओवीत शेजारी आले आहेत, म्हणजे क्रियापदाचा अर्थ ओवीनेच सांगून टाकला आहे. दुसऱ्या ओवीत सोने तापवून हिणकस जाळायचे आणि चोख तेवढे राखायचे. पुढच्या दोन ओव्यांत हे क्रियापद नाही, पण दृष्टांत त्याच जातीचे आहेत: दही घुसळून लोणी काढणे, आणि भूस व बी एकत्र असताना उपणून सकस दाणा मागे ठेवणे. दूध, सोने, लोणी, धान्य या चारही ठिकाणी आधी मिसळण आहे आणि नंतर विभागणी. आवडीनिवडीचा एकाही ठिकाणी संबंध नाही. राजहंसाला दूध आवडते हे ओवीत कुठेच म्हटलेले नाही.

या साक्षीतून दोन गोष्टी कार्डावर घ्यायच्या. तेराव्या शतकाच्या शेवटी ‘निवडणे’ सकर्मक झालेले होते (‘निवडिती’ हे रूप पाहा). आणि त्याचा मुख्य अर्थ वेगळे करणे हाच होता.

ओवी उतरवताना प्रत कोणती ते लिहायला विसरू नका. प्रचलित सार्थ प्रतींत या ओव्या 127 आणि 128 या क्रमांकांना येतात. वि. का. राजवाडे यांनी 1909 मध्ये छापलेल्या प्रतीत पाठ आणि लेखन काही ठिकाणी निराळे आहे. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ओव्यांवर तर अजिबात विसंबू नये. त्यांत अनुस्वार गळतात, जुनी रूपे नवी होतात आणि नेमका आपल्याला हवा तो पुरावाच पुसला जातो.

प्राकृताचा उंबरा

इथून मागे जाताना बहुतेकांचे पाऊल थेट संस्कृतात पडते. मधला प्राकृताचा टप्पा गाळला की हवी ती व्युत्पत्ती सिद्ध करता येते, आणि म्हणूनच तो गाळायचा नाही.

प्राकृतासाठी हरगोविंददास शेठ यांचा ‘पाइअ-सद्द-महण्णवो’ हा कोश घ्यावा. तो 1923 ते 1928 या काळात कोलकात्यात छापला गेला आणि त्यात अर्थ हिंदीत दिले आहेत. महाराष्ट्री प्राकृतात शब्दारंभीच्या ‘न’चा ‘ण’ होतो, म्हणून ‘न’खाली शोधत बसू नका, ‘ण’खाली जा. तिथे ‘णिव्वड’ भेटतो.

या धातूची खरी सनद मात्र हेमचंद्राच्या व्याकरणात आहे. बाराव्या शतकात गुजरातेत अणहिलवाड पाटण इथे लिहिलेल्या सिद्धहेमशब्दानुशासनाचा आठवा अध्याय प्राकृताचा आहे. त्याच्या चौथ्या पादातले 62 वे सूत्र असे: ‘पृथक्स्पष्टे णिव्वडः’. ‘भू’ म्हणजे होणे या धातूला, वेगळे होणे किंवा स्पष्ट होणे हा अर्थ असताना, ‘णिव्वड’ असा आदेश होतो, म्हणजे ‘भू’च्या जागी ‘णिव्वड’ येतो. रूप ‘णिव्वडइ’, म्हणजे वेगळे होते, स्पष्ट होते.

पृथक आणि स्पष्ट. सूत्रातले हे दोन शब्द मराठीच्या दोन शाखांवर ठेवून पाहा. वेगळे होण्याची शाखा निवडणे, निवड, निवडणूक अशी चालत आली. स्पष्ट होण्याची शाखा निवाडा या शब्दात उतरली. आणि ‘णिव्वडइ’ अकर्मक आहे, म्हणजे पडणे–पाडणेच्या साच्यावरून केलेले अनुमान इथे पक्के झाले. अकर्मक क्रियापद पुढे सकर्मक कसे झाले असा प्रश्न पडेल, पण मराठीला ते नवे नाही. “टाकी भरली” आणि “मी टाकी भरली”, “फांदी मोडली” आणि “त्याने फांदी मोडली” अशी दुहेरी क्रियापदे आपण रोज वापरतो.

आता ध्वनी तपासायचे. अर्थ जुळला तरी ध्वनी जुळल्याशिवाय व्युत्पत्ती मान्य करायची नाही. तीन जागा तपासाव्या लागतात.

‘ण’चा ‘न’: प्राकृत णच्चइ–नाचणे, णक्क–नाक. ही जागा सोपी आहे.

‘व्व’चा ‘व’: प्राकृतातले द्वित्त, म्हणजे दुहेरी व्यंजन, मराठीत सुटते आणि मागचा स्वर लांबतो. हत्थ–हात, सप्प–साप, जिब्भा–जीभ, आणि नेमका ‘व्व’ असलेले चव्वइ–चावणे. या नियमाने ‘णिव्वड’चा ‘नीवड’ व्हायला हवा, आणि आपल्याकडे ‘नि’ ऱ्हस्व आहे. इथे अनेक जण गडबडून व्युत्पत्तीच सोडून देतात. पण मराठीत पुढे अक्षरे वाढली की आधीचा ‘ई’ आखडतो: जीभ–जिभेला, कीड–किडणे. ‘निवडणे’त तेच झाले. हरवलेला दीर्घ कुठे शिल्लक आहे ते पुढच्या पायरीत दिसेल.

‘ड’ची जागा सर्वांत महत्त्वाची. संस्कृतातला दोन स्वरांमधला ‘ट’ मराठीत ‘ड’ होतो: वट–वड, घट–घडा, कटु–कडू. संस्कृतातला तसाच ‘ड’ मात्र ‘ळ’ होतो: गुड–गूळ, षोडश–सोळा, तडाग–तळे. या दोन रांगा वेगळ्या आहेत आणि त्यांची सरमिसळ करायची नाही. म्हणून ‘निवळणे’ कितीही जवळचे वाटले, गढूळ पाणी निवळताना माती वेगळी होते हे कितीही पटले, तरी ‘ळ’ आणि ‘ड’ एका मुळातून काढता येत नाहीत.

शेजाऱ्यांना विचारा

ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्याला ही पायरी घरबसल्या करता येते. ओळखीच्या गुजराती दुकानदाराला ‘नीवडवुं’चा अर्थ विचारा. तो सांगेल: ठरणे, सिद्ध होणे. “दवा असरकारक नीवडी”, म्हणजे औषध गुणकारी ठरले. हा आपलाच धातू आहे. तिथे तो अकर्मकच राहिला, ‘स्पष्ट होणे’ हा अर्थ त्याने जपला, आणि ‘नी’ दीर्घ राहिला. वर ज्या ‘नीवड’ची अपेक्षा केली होती तो हाच. हिंदीत भांडणाचा निकाल लावण्याला ‘निबेड़ा’ म्हणतात, त्याचीही निवाड्याशी सोयरीक लागते.

मतदानासाठी मात्र तिन्ही भाषांनी वेगवेगळे शब्द घेतले. हिंदीतले ‘चुनाव’ ‘चुनना’पासून, आणि ‘चुनना’ संस्कृत ‘चि’ म्हणजे गोळा करणे, रचणे या धातूपासून. म्हणून हिंदीत भिंतही ‘चुनतात’. गुजरातीतली ‘चूंटणी’ ‘चूंटवुं’पासून, म्हणजे खुडणे. मराठीने वेगळे करणारा शब्द घेतला. एकाच मतपत्रिकेकडे एका भाषेने गोळा करणे म्हणून पाहिले, दुसरीने खुडणे म्हणून, तिसरीने वेगळे काढणे म्हणून. तीन भाषांच्या शेजारात राहणाऱ्या वाचकाने हे जरूर टिपून ठेवावे.

संस्कृतापर्यंत किती जायचे

सर्वांत जास्त घोटाळे इथे होतात. एक लोकप्रिय मत ‘वृ’ धातूकडे बोट दाखवते. वर, वरणे, स्वयंवर यांत निवड आहेच, मग ‘नि’ लावला की निवडणे झाले, असे. अर्थ मोहक आहे, ध्वनी नाही. ‘वृ’मधला ‘र’ मराठीत ‘र’च राहतो, वरणे आणि निवारणे पाहा. ‘नि’ लागलेल्या ‘वृ’चे ‘निवारणे’ झाले आहे आणि त्याचा अर्थ दूर करणे, थोपवणे. शिवाय ‘वरणे’ला आपली कसोटी लावली की प्रश्नच मिटतो. खडे कोणी वरत नाही.

दुसरा पर्याय ‘निर्’ आणि ‘वृत्’, म्हणजे घडून येणे, पुरे होणे. तो जास्त विचार करण्याजोगा आहे. रकाराच्या शेजारी ‘त’चा ‘ड’ झाल्याची पक्की उदाहरणे आहेत: मृतक–मडे, प्रतिपदा–पाडवा. अडचण एवढीच की ‘वर्तते’चे नेहमीचे प्राकृत रूप ‘वट्टइ’ असे द्वित्त घेऊन येते, आणि ‘णिव्वड’मध्ये ‘ड’ एकेरी आहे. हेमचंद्रानेही हा धातू कुठल्या संस्कृत रूपातून न काढता ‘भू’चा आदेश म्हणून दिला आहे. म्हणून कार्डावर ‘प्राकृत णिव्वड’ हे शाईने लिहावे, आणि ‘संस्कृत निर्+वृत्’ पेन्सिलने, मागे प्रश्नचिन्ह देऊन. सगळे मराठी शब्द संस्कृतात नेऊन पोचवलेच पाहिजेत या हट्टाने आपल्याकडे व्युत्पत्तीचे फार नुकसान झाले आहे. प्राकृतापर्यंत खात्रीने पोचणे हे पूर्ण काम आहे, अर्धवट नव्हे.

तयार नोंद अशी दिसेल:

निवडणे. सकर्मक क्रियापद. 1. मिसळलेल्यातून वेगळे काढणे (खडे निवडणे). 2. वेगळे काढून साफ करणे (तांदूळ, भाजी निवडणे). 3. अनेकांतून एक घेणे (पर्याय निवडणे). 4. मताने पदावर पाठवणे (‘निवडून देणे’ या रूपात). जुनी साक्ष: ज्ञानेश्वरी, अध्याय 2. प्राकृत णिव्वड, वेगळे होणे, स्पष्ट होणे (हेमचंद्र 8.4.62). तुलना: गुजराती नीवडवुं. संबंधित: निवाडा. संस्कृत निर्+वृत्?

अर्थांचा क्रम वापराच्या संख्येवर लावू नये. पहिला अर्थ असा हवा की ज्यातून पुढचे निघतील. मतदानाचा अर्थ वर्तमानपत्रात रोज दिसतो म्हणून तो वर घेतला, तर खडे निवडण्याला तिथून वाट सापडत नाही.

लिहिताना होणाऱ्या चुका

मूळ कळले की वापरातले फरकही सोपे होतात. ‘निवडणूक’ला विभक्तिप्रत्यय लागला किंवा अनेकवचन झाले की ‘णू’ ऱ्हस्व होतो: निवडणुकीत, निवडणुका, निवडणुकांमुळे. फलकांवर ‘निवडणूकीत’ सर्रास दिसते, ते चूक आहे. ‘निवडून’मध्ये शेवटी ‘न’ आहे, ‘निवडूण’ नाही.

निवडणूक, निवड आणि नेमणूक हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. मतदान झाले किंवा होऊ शकत होते तिथे निवडणूक. ठरलेल्या मोजक्यांतून एक वेगळा काढला तिथे निवड. अधिकार असलेल्याने कामावर ठेवले तिथे नेमणूक, आणि तिथे अनेकांतून वेगळे काढण्याची अट नसते. एकाच जागेसाठी एकच अर्ज आला तर ‘बिनविरोध निवड’ म्हणतात, ‘बिनविरोध नेमणूक’ म्हणत नाहीत. मतदार ‘निवडून देतात’, उमेदवार ‘निवडून येतो’. “मतदार निवडून आणतात” हेही बरोबर आहे, पण त्यात प्रचाराची खटपट सूचित होते, म्हणून सरकारी सूचनेत ते टाळावे.

गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर अशी सूचना दिसते: “व्यवस्थापक समितीच्या निवडणूकीत निवडूण आलेल्या सदस्यांमधून अध्यक्ष व सचिव यांची नेमणूक करण्यात आली असून, कार्यालयीन व्यवस्थापकाची निवडणूक पुढील महिन्यात होईल.” ती अशी लिहावी: “व्यवस्थापक समितीच्या निवडणुकीत निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून अध्यक्ष व सचिव यांची निवड केली आहे. कार्यालयीन व्यवस्थापकाची नेमणूक पुढील महिन्यात होईल.”